बॉट लॅपटॉपवर बोलतो, सर्व्हरवर मुका: कॉन्फिगच्या नावांचा घोळ

लॅपटॉपवर बॉट नीट उत्तरे देतो. सर्व्हरवर चढवला की प्रोसेस चालू दिसते, पण निरोप पाठवला तर पलीकडे शांतता. किंवा उत्तर येते, पण सकाळी सहाची आठवण साडेअकराला जाते, नाहीतर कोकणी निवडलेल्या माणसाला भलत्याच भाषेतला मजकूर दिसतो. मग कोणीतरी सर्व्हरवर लॉगइन करून एन्व्ह फाइलमध्ये (सेटिंगची नावे आणि मूल्ये ठेवायची फाइल) एक ओळ वाढवतो, बॉट बोलू लागतो, आणि पुढच्या डिप्लॉयला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

असे वारंवार होत असेल तर नवे टोकन (बॉटची गुप्त किल्ली) काढून काही हाती लागत नाही. एकाच सेटिंगला कोडात दोन-तीन नावे पडलेली असतात आणि जे नाव सापडले नाही त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. बहुतेक वेळा दोष एवढाच असतो.

उदाहरणादाखल कळंगुटच्या होमस्टेंसाठी चौकशी घेणारा एक बॉट धरू. टेलिग्राम आणि व्हॉट्सॲप दोन्हीकडे चालतो, कोकणी, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत बोलतो. लिहिणारे तिघे: एक पणजीतून, एक फोंड्याहून, एक हंगामापुरता घेतलेला फ्रीलान्सर. पहिल्याने बॉट_टोकन लिहिले, दुसऱ्याने टीजी_टोकन, तिसऱ्याने टेलिग्राम_बॉट_टोकन. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर स्वतःचे नाव भरलेले असल्यामुळे तिघांकडेही बॉट चालतो. (इथे नावे देवनागरीत लिहिली आहेत, कोडात ती रोमन मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोर घालून येतात.)

लक्षणावरून निदान

टेलिग्रामकडून आलेला एररचा आकडा आधी पाहा. बॉट एपीआयच्या पत्त्यात 'बॉट' या शब्दाला चिकटून टोकन येते आणि पुढे मेथडचे नाव. कोड थेट एचटीटीपी कॉल करत असेल आणि नाव सापडले नाही, तर पायथनचे ओएस.गेटएन्व्ह मुकाट्याने नन ('काही नाही') देते आणि पत्त्यात टोकनच्या जागी 'नन' हा शब्द बसतो. नोडमध्ये तिथे 'अनडिफाइन्ड' बसतो. उत्तर येते ४०४. आता ४०४ पाहिल्यावर माणूस साहजिकच मेथडचे स्पेलिंग तपासायला धावतो आणि तिथेच अर्धा दिवस जातो. टोकनचा साचा बरोबर पण टोकन रद्द झालेले किंवा चुकीचे असेल तर ४०१ येते. म्हणजे ४०४ आले की नाव हरवले असे समजून शोध सुरू करायचा, ४०१ आले की नाव सापडले, मूल्य चुकले.

४०९ सगळ्यात फसवे. त्याच टोकनवर दुसरी प्रत अपडेट्स ओढत असेल, किंवा वेबहुक (टेलिग्रामने निरोप आपल्या पत्त्यावर पाठवणे) लावलेला असताना कोणी पोलिंग (बॉटने स्वतः विचारत राहणे) सुरू केले असेल, तेव्हा ते येते. स्टेजिंगच्या (चाचणीच्या) कोडाला त्याचे टोकन सापडले नाही म्हणून 'सोय' म्हणून लिहिलेल्या फॉलबॅकने, म्हणजे पर्यायी मूल्याने, प्रॉडक्शनचे (खऱ्या वापरातले) टोकन उचलले, हे त्यामागचे नेहमीचे कारण. अशा वेळी काही निरोप एका प्रतीला जातात, काही दुसरीला, आणि पाहुण्याला वाटते की बॉट मधूनच ऐकेनासा होतो.

व्हॉट्सॲपच्या बाजूला घोळ उलटा असतो: एक नाव, तीन वस्तू. मेटाच्या क्लाउड एपीआयला निरोप पाठवायला ॲक्सेस टोकन लागते, वेबहुकची पहिली पडताळणी व्हेरिफाय टोकनने होते, आणि येणाऱ्या विनंतीची सही ॲप सिक्रेटने तपासायची असते. कोडात नुसते व्हॉट्सॲप_टोकन असेल तर यातले कोणते, हे लिहिणाऱ्यालाही महिन्याभराने सांगता येत नाही. पडताळणी होते पण निरोप पाठवताना ४०१ आणि एरर कोड १९० येतो, तेव्हा ॲक्सेस टोकनच्या जागी व्हेरिफाय टोकन गेलेले असू शकते. (डॅशबोर्डवरचे तात्पुरते टोकन दिवसभरात संपते, तेव्हाही हाच कोड येतो. ते आधी पाहून घ्या.) फोनचेही तसेच. व्हॉट्सॲप_फोन या नावाखाली कोणी पंचाण्णव-अठ्ठ्याण्णवने सुरू होणारा मोबाइल नंबर भरतो, एपीआयला मात्र हवा असतो फोन नंबर आयडी, जो पूर्ण वेगळा आकडा आहे. मग 'असा आयडी अस्तित्वात नाही' अशा अर्थाची ४०० येते.

वेळ चुकते तेव्हा एककाचा किंवा टाइमझोनचा उल्लेख नावात नसतो. सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर) असतो. रिमाइंडर_अवर मध्ये ६ लिहिले तर भारतात साडेअकरा वाजतात. 'मग यूटीसीचा तास भरू' हा उपायही टिकत नाही, कारण आपले घड्याळ साडेपाच तास पुढे असल्याने सकाळचे सहा म्हणजे यूटीसीचे ००:३०, आणि पूर्णांक तासात अर्धा तास मावत नाही. रिमाइंडर_टाइम मध्ये ०६:०० आणि रिमाइंडर_टाइमझोन मध्ये एशिया/कोलकाता अशी दोन नावे ठेवा. तीच गत टाइमआउटची: पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत ३० म्हणजे तीस सेकंद, नोडच्या सेटटाइमआउटमध्ये ३० म्हणजे तीस मिलिसेकंद. दोन्ही सेवा एकच टाइमआउट वाचत असतील तर एक जण नक्की मरतो.

कोकणीला कोरियन का मिळते

गोव्यात बॉट बनवणाऱ्याने हा भाग सावकाश वाचावा, कारण बाहेरच्या ट्यूटोरियलमध्ये तो सापडत नाही.

मराठीला दोन अक्षरी कोड आहे, एम-आर. हिंदी आणि इंग्रजीलाही आहे. कोकणीला दोन अक्षरी कोडच नाही. तिचा तीन अक्षरी कोड के-ओ-के, आणि त्याखाली गोव्याच्या कोकणीचा वेगळा कोड जी-ओ-एम. गूगल ट्रान्सलेट जी-ओ-एम वापरते. इतर लायब्रऱ्यांत बऱ्याचदा के-ओ-के असते. आता भाषेचा कोड 'एन-आयएन' सारखा आला तर पहिली दोन अक्षरे घ्यायची, ही सवय अनेक कोडबेसमध्ये असते. के-ओ-के ची पहिली दोन अक्षरे के-ओ, म्हणजे कोरियन. भाषांतराची फाइल असेल तर कोरियन दिसते, नसेल तर इंग्रजीवर उडी, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

यावर नावाचा घोळ चढतो. एका फाइलमध्ये डिफॉल्ट_लँग, दुसऱ्यात बॉट_लोकेल, तिसऱ्यात नुसते लँग. हे तिसरे विशेष वाईट. लिनक्सवर लँग हे शेलचे स्वतःचे व्हेरिएबल आहे आणि त्यात बहुधा इंग्रजी लोकेल आधीच भरलेले असते. नोडचे डॉटएन्व्ह आणि पायथनचे पायथन-डॉटएन्व्ह, दोन्ही लायब्रऱ्या आधीपासून असलेले मूल्य मुळात बदलत नाहीत. ओव्हरराइड हा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो. म्हणजे एन्व्ह फाइलमध्ये तुम्ही कोकणी लिहा, कोड इंग्रजीच वाचणार. विंडोजवर यूजरनेम या नावाचे असेच होते: डेटाबेसच्या यूजरऐवजी लॅपटॉपवर लॉगइन केलेल्या माणसाचे नाव जाते. लँग, यूजर, यूजरनेम, होम, पाथ, होस्टनेम ही नावे स्वतःच्या कॉन्फिगसाठी वर्ज्य समजा.

भाषेसाठी बॉट_डिफॉल्ट_लँग्वेज हे एकच नाव ठेवा, आणि मूल्य कोणत्या रूपात हे त्याच जागी ठरवा. के-ओ-के घेतलेले बरे. जी-ओ-एम आले तर वाचतानाच ते के-ओ-के करून टाका आणि भाषांतर सेवेला पाठवताना परत जी-ओ-एम करा. कोड कापायचा झाला तर पहिल्या हायफनपाशी कापा, दोन अक्षरांवर नव्हे. लिपी वेगळी नोंदवायची असेल, आणि रोमी (रोमन लिपीतली कोकणी) वाचणारे पाहुणे व ग्राहक असतील तर ती नोंदवावीच लागते, तर के-ओ-के-देवा आणि के-ओ-के-लॅट्न ही प्रमाण रूपे आहेतच. बॉट_स्क्रिप्ट असे आणखी एक नाव काढू नका. 'स्क्रिप्ट' म्हणजे लिपी की चालवायची फाइल, यावर वाद होतो.

नाव कुठल्या थरात हरवते

पहिले काम: चालू असलेल्या प्रोसेसला काय दिसते ते पाहा. आपल्या शेलमध्ये प्रिंटएन्व्ह मारून काही कळत नाही, तो तुमचा शेल आहे, बॉटचा नव्हे. लिनक्सवर प्रॉक फोल्डरखाली प्रोसेस क्रमांकाच्या फोल्डरमध्ये एन्व्हायरन नावाची फाइल असते. तिच्यातल्या नोंदी शून्य बाइटने वेगळ्या केलेल्या असतात, म्हणून टीआर वापरून ओळी पाडा आणि कट वापरून बरोबरच्या चिन्हाआधीचा भाग तेवढा घ्या. फक्त नावे. टोकनांसकट यादी काढून टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे हा दुसरा आजार आहे. ध्यानात ठेवा, ही फाइल प्रोसेस सुरू झाली त्या क्षणाची असते. डॉटएन्व्ह लायब्ररीने नंतर भरलेली नावे तिच्यात दिसत नाहीत.

दुसरी यादी कोडातून काढा: गिट ग्रेपला पायथनसाठी एन्व्हायरन आणि गेटएन्व्ह, नोडसाठी प्रोसेस.एन्व्ह हे शोधशब्द द्या आणि सापडलेल्या ओळींतून नावे तेवढी घ्या. दोन्ही याद्या सॉर्ट करून कॉम कमांडला द्या. एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही असे जे निघेल, घोळ तिथे.

आता थर. डॉकर कंपोजमध्ये सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात: कंपोज फाइलशेजारची एन्व्ह फाइल ही कंपोज फाइलमधल्या डॉलरच्या जागा भरण्यापुरती वाचली जाते, ती आपोआप कंटेनरच्या आत जात नाही. आत न्यायला एन्व्ह_फाइल किंवा एन्व्हायरनमेंट हा भाग लिहावा लागतो, आणि दोन्हीकडे एकच नाव असेल तर एन्व्हायरनमेंटमधले जिंकते. डॉलरच्या जागेचे नाव सापडले नाही तर कंपोज एक इशारा छापून रिकामी स्ट्रिंग भरते आणि पुढे जाते. तो इशारा डिप्लॉयच्या लॉगमध्ये वाहून जातो. नावापुढे कोलन आणि प्रश्नचिन्ह लावून संदेश लिहिला तर कंपोज तिथेच थांबते. गुप्त गोष्टींसाठी हे रूप सक्तीचे करा. शेवटी काय ठरले ते कंपोजच्या कॉन्फिग उपकमांडने दिसते.

कंपोज सोडून नुसते डॉकर रन वापरले तर एन्व्ह फाइलमधले अवतरणचिन्ह मूल्याचाच भाग होते. कंपोज ते काढून टाकते. त्यामुळे तीच फाइल एकीकडे चालते, दुसरीकडे ४०४ देते. अवतरणे न लावणे हा सोपा मार्ग. सिस्टमडीच्या (लिनक्सवर सेवा चालवणारी यंत्रणा) एन्व्हायरनमेंटफाइलमध्ये ओळीआधी एक्सपोर्ट लिहिले असेल तर ती ओळ अमान्य म्हणून सोडली जाते, जर्नलमध्ये तशी नोंद सापडते. गिटहब ॲक्शन्समध्ये सिक्रेटचे नाव चुकले तर एरर येत नाही, रिकामी स्ट्रिंग येते.

या रिकाम्या स्ट्रिंगकडे वेगळे लक्ष द्या. नाव अजिबात नसेल तर गेटएन्व्हला दिलेले डिफॉल्ट लागू होते. नाव आहे पण रिकामे आहे, तर डिफॉल्ट लागू होत नाही. नोडमध्ये दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटरही रिकाम्या स्ट्रिंगला 'आहे' असेच धरतो.

विंडोजवर नावांच्या लहान-मोठ्या अक्षरांत फरक केला जात नाही, लिनक्सवर केला जातो. फोंड्याच्या विंडोज लॅपटॉपवर लहान अक्षरांतले नाव चालले आणि सर्व्हरवर अडले, ही गोष्ट त्यामुळेच. विंडोजवर संपादलेल्या फाइलच्या ओळींच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे अदृश्य अक्षरही येते. फाइल शेलमध्ये सोर्स करून वाचली की ते मूल्याला चिकटते. कॅट कमांडला मोठ्या ए चा पर्याय दिला की ओळीच्या शेवटी टोपी आणि एम दिसतात. फक्त पहिलेच व्हेरिएबल सापडत नसेल तर फाइलच्या सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंग सांगणारे अदृश्य चिन्ह) आहे का ते पाहा.

नावे ठरवताना

क्रम असा ठेवा: सेवा, वस्तू, मग प्रकार किंवा एकक. टेलिग्राम_बॉट_टोकन, टेलिग्राम_वेबहुक_सिक्रेट, व्हॉट्सॲप_ॲक्सेस_टोकन, व्हॉट्सॲप_व्हेरिफाय_टोकन, व्हॉट्सॲप_ॲप_सिक्रेट, व्हॉट्सॲप_फोन_नंबर_आयडी, बुकिंग_एपीआय_टाइमआउट_सेकंड्स. सेवेचे नाव पूर्ण. टीजी, डब्ल्यूए ही संक्षिप्ते नकोत, डब्ल्यूए कोणाला वेब ॲप वाटते. नाव रोमन मोठी अक्षरे, आकडे आणि अंडरस्कोर यांतच, पहिले अक्षर आकडा नसावा. हायफन घातला तर बॅशला ते नावच वाटत नाही.

हो-नाही स्वरूपाचे सगळे होकारार्थी: पेमेंट्स_एनेबल्ड. डिसेबल_पेमेंट्स मध्ये फॉल्स लिहिलेले वाचताना डोके दोनदा वळवावे लागते, आणि मध्यरात्री ते एकदाच वळते.

वातावरण नावात घालू नका. टेलिग्राम_टोकन_प्रॉड आणि टेलिग्राम_टोकन_स्टेज अशी जोडी केली की कोडात निवडीची अट येते, अटीला फॉलबॅक येतो, आणि आपण पुन्हा वरच्या ४०९ पाशी. नाव सगळीकडे एकच, मूल्य जागेप्रमाणे वेगळे.

जी नावे लायब्ररी किंवा होस्टिंग स्वतः वाचते त्यांना मात्र हात लावू नका. ओपनएआय_एपीआय_की, गूगल_ॲप्लिकेशन_क्रेडेन्शियल्स, पोर्ट, टीझेड ही तशीच राहू द्या, नियमात बसोत वा न बसोत. एचटीटीपी_प्रॉक्सी हे तर कर्ल लहान अक्षरांतच मानते, आणि त्यामागे सुरक्षेचे कारण आहे: सीजीआयमध्ये (वेब सर्व्हरने प्रोग्रॅम चालवायची जुनी पद्धत) प्रॉक्सी नावाचा हेडर पाठवून बाहेरचा माणूस मोठ्या अक्षरांतले व्हेरिएबल भरू शकतो. अशा अपवादांची यादी नमुना फाइलच्या (खऱ्या मूल्यांशिवाय सगळी नावे दाखवणारी एन्व्ह फाइल) तळाशी लिहून ठेवा, नाहीतर नवा उत्साही माणूस त्यांनाही 'सुधारतो'.

वाचणारे एकच मोड्यूल

नियम कागदावर ठेवून भागत नाही. कॉन्फिग वाचणारी फाइल एकच असावी, बाकी कोडाने तिच्याकडून तयार मूल्ये घ्यावीत, आणि काही कमी असेल तर बॉट सुरूच होऊ नये.

पायथनमध्ये पायडँटिक-सेटिंग्ज हे काम चांगले करते. नसलेली सगळी नावे एकाच एररमध्ये सांगते, 'फॉल्स' या स्ट्रिंगला खरेच फॉल्स करते (नुसत्या पायथनमध्ये ती भरलेली स्ट्रिंग असल्याने ट्रू ठरते), आणि ॲडमिनचा चॅट आयडी पूर्णांक म्हणून देते. हे शेवटचे क्षुल्लक वाटते, पण स्ट्रिंगची पूर्णांकाशी तुलना कधीच जुळत नाही आणि मालकालाच बॉट 'परवानगी नाही' म्हणतो. साधा टेलिग्राम ग्रुप सुपरग्रुप झाला की त्याचा आयडी बदलून उणे १०० ने सुरू होणारा होतो, हेही त्याच तक्रारीचे दुसरे कारण.

दोन सेटिंग आठवणीने लावा. एन्व्ह_इग्नोर_एम्प्टी चालू केले की रिकामी स्ट्रिंग 'नाही' धरली जाते. हाइड_इनपुट_इन_एरर्स चालू केले नाही तर एका नसलेल्या फील्डच्या एररमध्ये बाकीची मूल्ये छापली जाऊ शकतात, म्हणजे लॉगमध्ये टोकन. गुप्त मूल्यांना सीक्रेटस्ट्र हा प्रकार द्या. सुरू होताना प्रत्येक नावापुढे फक्त मूल्याची लांबी छापली तरी चिकटलेले अवतरण किंवा कॅरेज रिटर्न लगेच कळते.

जुनी नावे काढताना

एका दमात सगळी नावे बदलू नका, आणि नाताळाच्या आठवड्यात तर अजिबात नको. पावसाळ्यात चौकशा कमी असतात, तेव्हा करा. क्रम हाच:

१. सर्व्हरवर नवे नाव भरा, जुने राहू द्या.
२. कोड असा चढवा की तो आधी नवे नाव पाहील, नसेल तर जुने घेईल आणि लॉगमध्ये इशारा देईल. पायडँटिकमध्ये नवे-जुने नाव पाहण्याचे काम एलियसचॉइसेस करते, इशारा मात्र आपण लिहायचा.
३. दोन्ही नावे भरलेली असून मूल्ये वेगळी असतील तर बॉट थांबवा. एलियसचॉइसेस स्वतः ही तपासणी करत नाही, पहिले सापडले ते घेते. म्हणून ती हाताने लिहावी लागते.
४. इशारे बंद झाल्यावर कोडातले जुने नाव काढा.
५. सर्व्हरवरचे जुने नाव मागाहून काढा. लगेच काढले आणि कोड मागे न्यायची वेळ आली, तर जुन्या कोडाला त्याचे नाव सापडणार नाही.

इथे एक खाच आहे. क्लासला एन्व्ह_प्रीफिक्स दिलेला असेल तर एलियस लावलेल्या फील्डला तो लागत नाही. एलियसमध्ये नाव उपसर्गासकट पूर्ण लिहा.

बदल झाल्यावर लिंटरला (कोडातले नियमभंग शोधणारे साधन) कामाला लावा. रफमध्ये टीआयडी२५१ या नियमाखाली ओएस.एन्व्हायरन आणि ओएस.गेटएन्व्ह बंदीच्या यादीत टाका आणि कॉन्फिग मोड्यूलला तेवढी सूट द्या. नोडमध्ये ईएसलिंटच्या एन प्लगइनमध्ये नो-प्रोसेस-एन्व्ह नियम आहे. नमुना फाइलमधली नावे आणि सेटिंग्ज क्लासमधली फील्डे जुळतात का, हे पाहणारी दहा-बारा ओळींची चाचणी सीआयमध्ये (मर्जआधी आपोआप चालणाऱ्या तपासण्या) ठेवा. जुळले नाही तर मर्ज अडवा. नमुना फाइलमध्ये टोकनच्या जागी खोटे मूल्य लिहा, रिकामे सोडू नका, म्हणजे साचा कळतो: आकडे, कोलन, मग लांब ओळ.

तपासताना एखादे खरे टोकन लॉगमध्ये किंवा ग्रुपवर गेलेच असेल तर बॉटफादरकडे (टेलिग्रामचा टोकन देणारा अधिकृत बॉट) रिव्होक कमांड देऊन नवे घ्या, आणि मूल्य बदलल्यावर कंटेनर नुसता रीस्टार्ट करू नका. डॉकरचा रीस्टार्ट जुन्याच एन्व्हायरनमेंटने कंटेनर उठवतो. नवे मूल्य आत जायला कंपोजचे अप पुन्हा चालवून तो नव्याने बनवावा लागतो.